लाल कोटांची टोळी

पहिला हुक गेला तो सहाव्या वेलीखाली. टच्‌ असा बारीक आवाज आला आणि पोटावर गार वारा लागला. माझे दोन्ही हात डोक्याच्या वर होते, एका हातात औषधाचा मग्गा, दुसऱ्यात द्राक्षाचा घड. खाली बघायची सोय नाही आणि पदर सावरायला तिसरा हात देवानं दिलेला नाही. सातवा महिना सरत आला होता मला.

"फुलाक्का, हुक गेला जणू," शेजारच्या ओळीतनं कस्तुरा म्हणाली.

"गेला तर जाऊ दे. घड सोडू नकोस."

दुसरा हुक दहाव्या वेलीला गेला. त्यानंतर पदर खांद्यावरून निसटला आणि थेट मग्ग्यात पडला.

आता नातवंडं विचारतात, आजी, तुम्ही मुकादमीण कशा झालात? मी सांगते, एका हुकानं झाले. त्यांना वाटतं म्हातारी थट्टा करते.

छत्तीस वर्षं झाली. तासगावच्या बाजूला आमच्या गावात तेव्हा द्राक्षबागा नव्या नव्या होत्या. डोक्यावर तारांचा मांडव, मांडवावर वेल, आणि खाली लोंबणारे घड. मणी ज्वारीच्या दाण्याएवढा झाला की एकेक घड औषधात बुडवून काढायचा, म्हणजे मणी लांब होतो. एक घड चुकला तर तो बारीकच राहतो आणि व्यापारी नाक मुरडतो. हे काम सकाळच्या गारव्यात, ऊन तापायच्या आत. तेवढा वेळ मान वर, हात वर, आणि औषधाचा ओघळ मनगटावरून कोपरावर, कोपरावरून काखेत.

गावात बायकांची टोळी एकच होती, येसाक्काची. पंधरा वर्षं ती मुकादमीण. त्या दिवाळीला तिनं आम्हा आठ जणींना टोळीतनं काढलं. तीन पोटुश्या, पाच लेकुरवाळ्या. म्हणाली, "तुमचा निम्मा दिस बांधावर जातो. पोरं मोठी झाली की या."

बाकीच्या माना खाली घालून निघाल्या. मला ते जमलं नाही. मी म्हणाले, "येसाक्का, तू काय झाडाला लागली होतीस? तुझ्या आईनंबी तुला पोटातच वागवलं असंल की."

"एवढी जीभ हाय तर काढ टोळी."

"काढते."

शब्द तोंडातनं गेला, मग तो निभावणं आलं. मी त्या आठांची टोळी केली. गावानं नाव ठेवलं, अडलेल्यांची टोळी. मी भूपालअण्णा चौगुल्यांच्या बागेत जाऊन उभी राहिले. दहा एकर बाग त्यांची, गावातली सगळ्यात मोठी. अण्णा हसले, पण माणूस पारखून घेणारा होता. म्हणाले, "फुले, दोन एकराच्या साठ ओळी आहेत. तीस तू बुडव, तीस येसाक्का. सोमवार, मंगळवार, दोन सकाळी. दहाच्या आत जिचं काम वेळेत आणि नीट, मार्चची सगळी काढणी तिची."

"आणि नाही झालं तर?"

"तर तुझ्या बायांनी घरी बसायचं, आणि तू येसाक्काचे पाय धरायचे."

दुसरं काही सोसलं असतं. येसाक्काचे पाय मला धरता आले नसते.

आता माझी चूक सांगते, कारण ती दुसऱ्या कुणाची नव्हती. रविवारी संध्याकाळी मी बाकीच्या सात जणींना बजावलं होतं, "उद्या भिकारणीसारखं यायचं नाही. अण्णांचं सगळं घरदार बागेत असणार. ठेवणीतलं नेसून या." मी स्वतः माहेरून आलेली हिरवी नायलॉनची साडी नेसले, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. मुकादमीण म्हणजे मुकादमिणीसारखी दिसली पाहिजे. कस्तुराचं बाळ दोन महिन्यांचं. तिनं लग्नातला झंपर घातला होता. शिंप्यानं नव्या फॅशनचा शिवलेला, हुक सगळे पाठीवर.

नायलॉन पोटावर थांबत नाही. निऱ्या घसरायच्या, त्या वर ओढायला एक हात जायचा. बांगड्या घडावर आपटून कोवळे मणी गळायला लागले, तेव्हा त्या काढून मी बांधावर ठेवल्या. हुकांच्या जागी पिना लावल्या, तर हात वर केला की पिन पोटात टोचायची. ट्रॅक्टरवरची माणसं येत-जात होती, म्हणून जी ती एका हातानं पदर धरून होती. एका हातानं बुडवणी होत नाही.

कस्तुराचे हाल तर बघवत नव्हते. मांडवाच्या लोखंडी खांबाला झोळी बांधलेली, त्यात बाळ रडलं की तिनं मग्गा ठेवायचा, पळत दुसऱ्या बाईकडे जायचं, पाठ फिरवायची, "हुक काढ गं" म्हणायचं. तिनं काढले की विहिरीवर पळायचं, कारण औषध काखेतनं छातीपर्यंत ओघळलेलं. ते धुतल्याशिवाय लेकराच्या तोंडात कसं द्यायचं? धुऊन, पुसून, पाजून परत यायची ती ओली आणि कुडकुडत. डिसेंबरचा महिना. असं सकाळभरात तीनदा झालं. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिचे दात वाजत होते.

दहा वाजले. आमच्या दहा ओळी झाल्या होत्या, येसाक्काच्या सोळा.

येसाक्का आमच्या बाजूला मुद्दाम फिरत आली. माझ्याकडे वरून खाली बघितलं. "काय गं फुले, बागंत आलीस का लग्नात?"

तिच्या बाया हसल्या. मला उत्तर सुचलं नाही, आणि माझ्याबाबतीत असं फार वेळा होत नाही.

भूपालअण्णा ओळीतनं चालत आले. घड हातात घेऊन बघितले. "काम नीट आहे, पण हळू आहे. वीस ओळी उद्या दहापर्यंत तुझ्यानं होणार नाहीत. आत्ता बोल, म्हणजे उरलेल्या मी येसाक्काला देतो. उद्या अर्ध्यात सोडलंस तर माझं नुकसान."

"होतील," मी म्हणाले.

"कशा होतील?"

"ते उद्या बघा, अण्णा."

कशा होतील हे मला तरी कुठं माहीत होतं?

घरी आले. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, पण गोष्ट सांगताना अडतं, म्हणून घेते. ज्ञानू. आमचा भावकीचा बँड होता, त्यात तो क्लॅरिनेट वाजवायचा. मनानं लोणी आणि आईसमोर मुका. त्या संध्याकाळी तो उंबऱ्यात बसून क्लॅरिनेट पुसत होता आणि त्याच्या डोक्यावर खुंटीला बँडचा नवा निळा ड्रेस लटकत होता. दिवाळीला सगळ्यांनी नवा शिवला होता. मी चुलीकडे जाता जाता थांबले आणि त्या ड्रेसकडे बघत राहिले. हात मनगटापर्यंत बंद. गळा बंद. पुढे वरपासून खालपर्यंत बटणं. घालून माणूस दिवसभर हात वर करून वाजवतो, कुठं काही सुटत नाही.

"अहो, जुने लाल कोट कुठं आहेत?"

"ट्रंकेत. आईजवळ."

"किती?"

"चौदा. का गं?"

मी सांगितलं. त्यानं क्लॅरिनेट मांडीवर ठेवला. "बाया घालणार? बँडचे कोट?"

"बायांना हात नसतात काय?"

"तसं न्हवं. सगळ्यात वर बापूचा कोट हाय. आई त्याला कुणाला हात लावू देत न्हाई."

बापू म्हणजे माझे सासरे. मोठा ढोल वाजवायचे. पोटावर ढोल घेऊन पाच पाच मैल वरातीपुढे चालणारा आडदांड माणूस. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. आयुष्यात मी कुणापुढे हात पसरलेला नाही, त्या दिवशी पसरला.

"आत्याबाई, ट्रंकेतले लाल कोट दोन दिवस द्या. बागेत घालायला. धुऊन, इस्त्री करून परत देते."

त्यांचा हात परातीवरच थांबला. "बागंत?"

"झंपर टिकत नाही. औषध अंगावर येतं. कस्तुराचं लेकरू उपाशी राहतं. आठ कोट द्या फक्त."

"गाव हसंल."

"गाव आजच हसलं. उद्या आणखी हसेल, त्यात काय?"

"आणि मेलेल्या माणसाचं कापड पोटुशीनं अंगाला लावायचं असतं व्हय? सातवा महिना हाय तुझा. तीन वर्षांनी दिवस गेल्यात. अक्कल हाय का न्हाई?"

"मामंजी माझं वाईट करतील?"

"उलट बोलू नको. न्हाई म्हणजे न्हाई." त्यांनी ट्रंकेची किल्ली कमरेच्या पिशवीत घातली, पिशवीचा बंद दोनदा ओढला आणि पुन्हा भाकरीला लागल्या. "आणि उद्या बागंत जाऊ नको. माहेरनं बोलावणं आलंय, सातव्यात तिकडं जायचं असतं. गुमान जा."

मी जेवले नाही. ज्ञानू पण जेवला नाही. तो नुसता ताटाकडे बघत बसला होता. आईला उलटून बोलायची त्याची छाती नव्हती आणि मला ते लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माहीत होतं. त्या संध्याकाळी मी त्याला भेकड म्हणाले. ऐकू जाईल असं म्हणाले.

पहाटे आत्याबाई घागर घेऊन आडावर गेल्या. मी जुनी सुती साडी नेसत होते, तेवढ्यात आतल्या खोलीतनं खट्‌ असा आवाज आला. जाऊन बघते तर ज्ञानू गुडघ्यावर बसलेला, हातात पाना, आणि ट्रंकेचं झाकण मागच्या बाजूनं उघडलेलं. पुढचं कुलूप जसंच्या तसं.

"कुलपाला हात लावला न्हाई मी," तो म्हणाला. "बिजागरी काढली."

"आत्याबाई काय म्हणतील?"

"म्हणतील ते म्हणतील. घे लौकर, त्या येतील."

लाल ड्रिल कापडाचे जाड कोट. खांद्यावर सोनेरी झालर, पुढे पितळी बटणांची रांग, कडुलिंबाच्या पाल्याचा वास. सगळ्यात वरचा मामंजींचा. मी तो बाजूला ठेवला. दुसरा घातला, तो पोटावर मिटेना. तिसरा घातला, तोही मिटेना. सगळे क्लॅरिनेट आणि पिपाण्या वाजवणाऱ्या सडपातळ माणसांचे. ज्ञानूनं मामंजींचा कोट उचलून माझ्या अंगात घातला. ढोलवाल्याचा कोट तो. पोटावर ढोलाइतकी जागा. बटणं सगळी लागली आणि वर बोटभर सैल राहिला.

मी त्याला म्हणाले, "कालचं परत घेते."

"कालचं राहू दे. रडत जाऊ नको, हात थरथरल्यावर घड गळतील," तो म्हणाला आणि बिजागरी बसवायला लागला.

बागेच्या फाटकाशी सात जणी काकडत उभ्या होत्या. मी गाठोडं सोडलं. कस्तुरानं एक कोट उचलला, झालर हलवून बघितली. "फुलाक्का, ही काय थट्टा हाय?"

"घाल. झंपर आतनं काढून टाक. नुसता कोट. पोर रडलं की वरची चार बटणं सोड, आत कोरडं असंल. विहिरीवर जायचं नाही. पदर कमरेला खोचा सगळ्यांनी. आज पदर धरायला कुणाचा हात जाणार नाही."

"माणसं बघतील की."

"काय दिसणार आहे त्यांना? गळ्यापासून मनगटापर्यंत झाकलीस तू. काल जेवढं दिसलं त्याच्या निम्मंही दिसत नाही."

हा मुद्दा तिला पटला. आठ बाया, आठ लाल कोट, खाली रंगीबेरंगी साड्या, डोक्याला टॉवेल. अजून नीट उजाडलं नव्हतं आणि आम्ही ओळीत शिरलो.

पहिल्या वेलीखाली मी दोन्ही हात वर केले. काही सुटलं नाही. काही टोचलं नाही. औषध मनगटावर आलं आणि जाड बाहीवर थांबलं. पोटावर ऊब होती. दोन हातांनी काम करायचं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. एका हातानं घड धरायचा, दुसऱ्या हातानं मग्गा वर न्यायचा, बुडवायचा, झटकायचा, पुढे. बुडवायचा, झटकायचा, पुढे.

सूर्य वर आला तशी येसाक्काची टोळी आली. धुक्यातनं आधी त्यांना नुसती लाल रांग दिसली असणार. मग झालरी चमकल्या. त्यांच्यातली एक मोठ्यानं किंचाळलीच. नंतर हसणं फुटलं ते थांबेना.

येसाक्का कमरेवर हात ठेवून बांधावर उभी राहिली. "काय गं फुले, वरात कुठं निघाली?"

आज उत्तर तयार होतं. घड न सोडता मी म्हणाले, "तुमच्या मुकादमकीची आहे, येसाक्का. या मागनं चालत."

आता हसायची पाळी आमच्या बायांची होती. त्यात जोर आला. तिकडे येसाक्काच्या बाया हसता हसता आमच्याकडे बघायच्या, बघता बघता घड चुकायचा. "खाली का बगतीस? वर बग!" असा येसाक्काचा आवाज सारखा ऐकू यायला लागला. दव पडलं होतं, त्यांचे पदर भिजून गार झाले होते, आणि प्रत्येकीचा एक हात पदराला.

कस्तुराचं बाळ रडलं. ती वेलीच्या बुंध्याशी बसली, चार बटणं सोडली, बाळ कोटाच्या आत घेतलं. वरून नुसती दोन इवलीशी पावलं दिसत होती. मी मनात आकडे म्हणत होते. चारशे म्हणायच्या आत ती उठली, बटणं लावली आणि मग्गा घेतला.

साडेआठला बारा ओळी झाल्या. आठ राहिल्या. आणि तेव्हाच कुणीतरी हळूच म्हणालं, "फुलाक्का, तुझी सासू."

आत्याबाई बांधावरून येत होत्या. लुगड्याचा काष्टा घट्ट, डोक्यावर पदर, पाय असे आपटत की धूळ उडत होती. टोळीचे हात थांबले. येसाक्काच्या टोळीचेही थांबले. सगळ्या बागेला कळलं होतं की आता काहीतरी होणार.

त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "ज्ञानूनं बिजागरी काढली व्हय?"

"मी काढायला लावली."

"खोटं बोलू नको. तुला पाना धरता येत न्हाई."

मी मग्गा खाली ठेवला. त्या कोटाकडे बघत होत्या. माझ्या पोटावरच्या बटणांकडे.

"फिर जरा."

मी फिरले. मला वाटलं, मागनं ओढून काढतील. सगळ्या गावासमोर. काढला असता तर माझी टोळी त्याच जागी मोडली असती, कारण एकीनं काढल्यावर बाकीच्या सातांनी अंगावर ठेवला नसता. मी दोन्ही हातांनी गळ्याशी कोट धरून ठेवला.

"वरचं बटण लाव," मागनं आवाज आला. "गारठा लागंल."

मी वळले. त्या पुढे झाल्या आणि स्वतःच्या हातानं त्यांनी ते बटण लावलं. मग फक्त मला आणि कस्तुराला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागल्या.

"ज्ञानूच्या वेळी मला एक चोळी अंगाला येत नव्हती. थंडी हीच. हे वरातीवरनं आले की कोट खुंटीला लावायचे. मी तो घालून आतल्या खोलीत बसायची. दार लावून. दोन महिने."

"हाच कोट?"

"हाच. अस्तर तेवढं दोनदा बदललंय."

"मामंजींना माहीत होतं?"

"पहिल्या दिवशी बटणं त्यांनीच लावली. माझी बोटं सुजली होती." त्यांनी झालरीवरचा एक वेलीचा तुकडा झटकला. "माझ्या सासूला कधी कळू दिलं न्हाई. कुणालाच न्हाई. गाव हसंल म्हणून पंचवीस वर्षं मनातच घालून ठेवलं."

"मग काल मला..."

"काल भ्याले मी. तेच भ्याव तुला देत होते." त्यांनी बागेकडे नजर फिरवली, एकेका लाल कोटाकडे. "दार लावून बसायचं सुचलं मला. तू भर उन्हात आठ जणी उभ्या केल्यास."

येसाक्का लांबून ओरडली, "काय आक्का, सुनेला घरी नेताय न्हवं?"

आत्याबाईंनी मान वळवली नाही. मला विचारलं, "किती राहिल्या?"

"आठ ओळी."

"मग तोंड काय बगतीस? जास्तीचा कोट आणलास का आठच?"

गाठोड्यात सहा उरले होते. एक त्यांनी घातला. काष्ट्याच्या लुगड्यावर लाल कोट, पितळी बटणं गळ्यापर्यंत. पंचेचाळिशी उलटलेली बाई, आयुष्यभर भावकीत मान खाली घालून वावरलेली. मग्गा उचलला आणि आमच्यातली नववी होऊन ओळीत शिरली. मी शिकवायला गेले तर म्हणाल्या, "घड काय, धुणं काय, बुडवून झटकायचंच हाय."

त्या तासाभरात आमची टोळी जशी चालली तशी नंतर कधी चालली नाही, आणि मी पुढे साठ साठ बाया चालवल्या. शेवटची ओळ मी आणि आत्याबाई दोन टोकांनी घेतली आणि मध्यावर भेटलो. शेवटचा घड त्यांच्या वाट्याला आला.

भूपालअण्णांनी घड्याळ बघितलं. दहाला दहा मिनिटं कमी होती. येसाक्काच्या दोन ओळी बाकी होत्या.

अण्णा आधी आमच्या ओळीतनं फिरले. प्रत्येक घडाच्या टोकाला ओल होती. मग तिकडे गेले. तिकडच्या पाच-सहा ओळींत कोरडे घड निघाले, हसण्याच्या वेळचे. ते परत आले. सगळ्या बाया मांडवाबाहेर उन्हात येऊन थांबल्या होत्या.

"काढणी तुझी, फुले."

कस्तुरानं माझा हात दाबला. मी अजून काही बोलणार तोच अण्णा पुढे म्हणाले, "पण एक सांगतो. मार्चला व्यापारी येतात, सांगलीची, मुंबईची माणसं येतात. तेव्हा असलं सोंग नको. नीट साड्या नेसून या."

माझ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. काम हातात आलं होतं. हो म्हटलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. कालची फुला हो म्हणाली असती, कारण कालच्या फुलानंच सगळ्या जणींना ठेवणीतलं नेसायला लावलं होतं.

"अण्णा," मी म्हणाले, "मार्चमध्ये माझं लेकरू महिन्या-सव्वा महिन्याचं असंल. कस्तुराचं पाच महिन्यांचं. ह्या आमच्या सखूचं पोट सातव्यात. आम्ही हेच घालून येणार. साडी बघायची असेल तर काढणी येसाक्काला द्या. तिच्याकडं साड्या चांगल्या आहेत."

"मिळालेलं काम सोडतेस?"

"काम सोडत नाही. हात मोकळे ठेवते. वीस ओळी त्याच हातांनी केल्या."

अण्णांनी आत्याबाईंकडे बघितलं. मोठ्या बाईनं सुनेला समजवावं, अशी ती नजर होती. आत्याबाईंनी कोटाची बाही खाली ओढून नीट केली.

"मलाबी मार्चला मोकळं हाय," त्या म्हणाल्या.

अण्णांनी टोपी काढून डोकं पुसलं. मग मांडवातल्या ओल्या घडांकडे बघून मान हलवली आणि निघून गेले. ते हो होतं का नाही, हे आम्हाला फाल्गुनापर्यंत कळलं नाही.

फेब्रुवारीत मला मुलगी झाली. माहेरी जाताना पिशवीत बाळंतविड्याच्या वर आत्याबाईंनी तो कोट घडी करून ठेवला होता. माझी आई म्हणाली, हे काय ध्यान आणलंस? चौथ्या दिवशी अंगात घालून पाजायला बसले, तेव्हा पुन्हा काही बोलली नाही. सव्वा महिना झाला आणि मी परत आले.

अण्णांनी काढणीची तारीख तेवढी कळवली, कोटाचं नाव काढलं नाही. पहिल्या दिवशी आम्ही अकरा जणी होतो. वाढलेल्या तिघींमध्ये एक आत्याबाई आणि एक येसाक्काची स्वतःची सून. पाचवा महिना होता त्या सुनेला. येसाक्कानंच तिला फाटकापर्यंत आणून सोडलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिला एक दे अंगाला. आणि उन्हात फार उभी करू नको."

"आक्का, कोट आहे. तुम्हाला पण आहे, यायचं असेल तर."

ती पाठ फिरवून गेली. पुढच्या वर्षी आली, पण ती गोष्ट वेगळी.

मुलगी झोळीत होती. मी मांडवाखाली कात्रीनं घड कापून क्रेटमध्ये ठेवत होते, तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली. मुंबईचा व्यापारी उतरला. पांढरे कपडे, काळा चष्मा. बागेत लाल कोटांची रांग बघून तो फाटकातच उभा राहिला. अण्णा त्याच्या शेजारी. मी कात्री थांबवली. आता तो हसणार आणि अण्णा आम्हाला बाहेर काढणार, याची मी वाट बघत राहिले.

"चौगुलेसाहेब, हा बँड कुणाचा हो?" त्यानं विचारलं.

अण्णांनी टोपी नीट केली. मला आजवर 'ए फुले' म्हणून हाक मारणारा माणूस.

"बँड नव्हे," ते म्हणाले. "फुलाबाईंची टोळी आहे. गावात हिच्यापेक्षा चांगली नाही. आत या, पण ओळीत मध्ये येऊ नका, त्यांचे हात चालू असतात."